बाटलीवरचं शून्य आणि ग्लेझच्या बाकी कटकटी

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

«दीड वर्ष झालं हॉबी म्हणून पॉटरी करतेय, वीकेंडला एका शेअर्ड स्टुडिओत जाते. चाकावर आता हात बसलाय, शेप मनासारखे येतात, पण ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) लावून भट्टीतून बाहेर आलं की रडू येतं. मागच्या वेळी लाल ग्लेझचा मग शेल्फला चिकटला, बाटलीवर ६ लिहिलंय आणि भट्टी पण ६ लाच जाते तरी! रंग लाल राहिलाच नाही, वर शेल्फ खराब केलं म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. पांढऱ्या बाऊलवर सुईने टोचल्यासारखी भोकं. दुसऱ्या बाऊलमध्ये आत ग्लेझ गोळा झालं आणि माती उघडी पडली. एक कप बाहेर काढल्यावर कितीतरी वेळ टिक टिक वाजत होता आणि आता त्यावर बारीक रेघा आल्यात. माझ्याकडे चौदा बाटल्या झाल्यात, तरी वाटतं अजून चांगल्या ब्रँडच्या घ्याव्यात. घरी छोटी भट्टी घेऊ का म्हणजे कोणी बोलणार नाही? मैत्रिणीने तिच्यासाठी सहा मग मागितलेत, ते वापरायला सेफ असतील का? की मी आपलं ग्लेझचा नाद सोडून देऊ? फोटो जोडलेत.
– ग्लेझने छळलेली»

ग्लेझने छळलेल्या ताई,

आधी तो लाल मग, कारण त्याचं उत्तर तुमच्याच फोटोत आहे. बाटलीचा फोटो जरा झूम करून बघा. लेबलवर ६ नाहीये, ०६ आहे. तुम्हाला ते शून्य दिसलं नाही किंवा दिसलं आणि वाटलं की तारखेत लावतो तसं उगाच पुढे लावलंय. कोन म्हणजे भट्टीत किती भाजायचं त्याचं माप, आणि कोनच्या नंबरात ते शून्य म्हणजे सगळं काही असतं. शून्यवाले नंबर उलटे चालतात, ०२२ सगळ्यात थंड, मग चढत चढत ०६, ०४ करत ०१ पर्यंत आणि तिथून पुढे १, २, ३ असं वर १० च्याही पुढे. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस आणि कोन ६ म्हणजे साधारण १२२०. म्हणजे तुमच्या ग्लेझला जेवढं हवं होतं त्याच्या वर दोनशे अंश आपण त्याला दिले, ते पातळ होऊन शेल्फवर उतरणारच की, आणि लो-फायरचे, म्हणजे कमी उष्णतेला भाजायचे, बरेचसे लाल, केशरी, गुलाबी रंग एवढ्या उष्णतेला टिकतच नाहीत. तुमचा हात, तुमचा ब्रश, ब्रँड, कशाचाच दोष नाही. उलट कोन ६ चं ग्लेझ ०६ ला भाजलं असतं तर ते वितळलंच नसतं, खरखरीत पावडरीसारखं राहिलं असतं, पण निदान शेल्फ वाचलं असतं.

त्यामुळे आज पहिलं काम काय करा, त्या चौदाच्या चौदा बाटल्या टेबलावर काढा आणि लेबल वाचून दोन ढीग करा. शून्यवाल्या एका बाजूला, बिनशून्याच्या दुसऱ्या बाजूला. शून्यवाल्यांवर मार्करने मोठ्ठं ‘भट्टी ६ ला नाही’ लिहा आणि त्या घरी कपाटात ठेवा, स्टुडिओत नेऊच नका. असंच मातीचंही बघा हां. लो-फायरची माती चुकून कोन ६ च्या भट्टीत गेली तर ती फुगते, वाकते, कधीकधी वितळून शेल्फवर थारोळं करते, आणि तेव्हा फक्त तुमचा मग नाही, शेजारच्या चार जणांचे पीस पण जातात. स्टुडिओवाले चिडतात ते त्यामुळे. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे मान्य, पण एक शेल्फ खराब झालं की त्यावरचं ग्लेझ ठोकून काढा, घासा, परत किल्न वॉश (ग्लेझ शेल्फला चिकटू नये म्हणूनचा लेप) लावा, यात कोणाचातरी अख्खा दिवस जातो. तुम्ही पुढच्या वेळी जाऊन ‘शेल्फ मी घासते’ एवढं म्हटलंत तर वातावरण लगेच निवळेल. घासताना गॉगल मात्र घाला, ते तुकडे काचेचेच असतात.

कोनचा विषय निघालाच आहे तर अजून एक गोष्ट. कोन नुसतं टेम्परेचर सांगत नाही, किती उष्णता किती वेळ मिळाली हे दोन्ही मिळून सांगतो. तेच १२०० अंश हळूहळू चढून गाठले तर माती आणि ग्लेझ जास्त पिकतं, झपकन गाठले तर कमी. म्हणून १८८६ मध्ये जर्मनीत झेगर नावाच्या माणसाने मातीचेच छोटे सुळके बनवले जे ठरलेल्या उष्णतेला वाकतात, आणि आज बऱ्याच भट्ट्यांना डिजिटल कंट्रोलर आला तरी लोक ते सुळके वापरतातच, कारण भट्टीतला सेन्सर जुना झाला की हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो आणि कोणाला कळत पण नाही. स्टुडिओत विचारा की विटनेस कोन, म्हणजे असे सुळके पीसच्या शेजारी, ठेवता का, आणि ठेवत असतील तर तुमच्या पीसच्या जवळचा कोन किती वाकलाय ते बघायची सवय लावा. एकाच भट्टीत वरच्या शेल्फवर आणि खालच्या शेल्फवर फरक असतो, कधीकधी अख्ख्या एका कोनचा.

आता भोकं. पिनहोल. फोटोत तुमचा बाऊल बघितला, भोकं तळाकडे जास्त आहेत जिथे ग्लेझ जाड बसलंय, काठाकडे जवळजवळ नाहीत. भट्टीत मातीतून गॅस निघत असतो, मातीत जे काही सेंद्रिय असतं ते जळून बाहेर पडतं, काही गॅस ग्लेझमधल्या कच्च्या मालातून पण निघतो, आणि तो वितळलेल्या ग्लेझमधून बुडबुडा करून वर येतो. ग्लेझ पातळ असेल आणि भट्टीने थोडा वेळ दिला तर बुडबुडा फुटून जागा परत भरून येते. जाड असेल किंवा भट्टी लगेच गार व्हायला लागली तर ते भोक तसंच गोठतं. तुमच्या हातात यातलं बरंच काही आहे. पहिलं म्हणजे बिस्क, ग्लेझ लावायच्या आधीची मातीची पहिली भाजणी. बिस्क घाईघाईत किंवा कमी उष्णतेवर झालं असेल तर जे जळून जायला हवं होतं ते आतच राहतं आणि नंतर ग्लेझमधून वाट काढतं. स्टुडिओ ०६ ला बिस्क करत असेल तर एखाद्या वेळी तुमचे पीस ०४ च्या बिस्कमध्ये घालता येतील का विचारा. दुसरं, ग्लेझ सुकल्यावर त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आधीच दिसतात, भट्टीच्या आधीच, बघा कधी नीट उजेडात धरून, ती बोटाने हलकेच घासून बुजवायची (मास्क लावून, ती धूळ नाकात नको). तिसरं स्टुडिओच्या हातात आहे, वरचं टेम्परेचर गाठल्यावर साधारण ५०-६० अंश खाली येऊन तिथे अर्धा तास थांबवलं तर पिनहोल खूप कमी होतात. पण शेअर्ड भट्टीत सगळ्यांचे पीस असतात, तुमच्या एकटीसाठी प्रोग्राम बदलतीलच असं नाही. म्हणून आधी जाडी कमी करा.

आणि जाडी हाच खरा मुद्दा आहे, तुमच्या पत्रातल्या निम्म्या तक्रारी तिथेच येऊन थांबतात. तुम्ही ग्लेझ पेंटसारखं लावताय असं मला फोटो बघून वाटलं. म्हणजे कमी वाटलं तिथे अजून एक हात, डाग दिसला तिथे अजून एक हात. पेंट जसा दिसतो तसाच राहतो, ग्लेझ भट्टीत वितळणार आहे, सुकल्यावर ते कसं दिसतंय याला काही अर्थ नाही. बाटलीतल्या ब्रशच्या ग्लेझचे दोन ते तीन कोट, एक आडवा एक उभा, मधला कोट स्पर्शाला सुकला की पुढचा. बादलीतलं बुडवायचं ग्लेझ असेल तर दोन-तीन सेकंद, आत-बाहेर, संपलं. सुकल्यावर जाडी अर्धा ते एक मिलिमीटरच्या मधे हवी, आणि मोजायची कशी तर सुईने एखाद्या न दिसणाऱ्या जागी टोचून बघायचं, सुई बिस्कला टेकेपर्यंत किती खोल गेली ते दिसतं, मग ते भोक बोटाने बुजवून टाकायचं. खाली पायाच्या वर चार-पाच मिलिमीटर पट्टा कोरा ठेवा, ओघळणारं ग्लेझ असेल तर त्याहून जास्त, आणि पाय ओल्या स्पंजने पुसून अगदी स्वच्छ.

बादलीतलं ग्लेझ घट्ट आहे की पातळ ते डोळ्याने ठरवू नका. १०० मिली ग्लेझ मापून घ्या आणि वजन करा. १४५ ग्रॅम भरलं तर बुडवायला बहुतेक ग्लेझ बरोबर असतात, १६० भरलं तर घट्ट, पाणी घाला, १३० भरलं तर पातळ झालंय, झाकण उघडं ठेवून किंवा वरचं पाणी काढून घट्ट करा. आणि वजन करायच्या आधी ढवळा. नुसतं वरवर नाही, तळाला हात घालून (ग्लव्ह घालून), तळाला जो चिकट थर बसलेला असतो तो पूर्ण मोडेपर्यंत, आणि दाणे दिसले तर ८० मेशच्या चाळणीतून काढा. कारण ग्लेझमध्ये तीन प्रकारचं सामान असतं, काच बनवणारं सिलिका, ते वितळवणारा फ्लक्स, आणि ते ओघळू नये म्हणून ॲल्युमिना जे मुख्यतः मातीतून येतं. एकट्या सिलिकाला वितळायला १७०० अंशांच्या वर लागतात, आपली कुठलीच हॉबी भट्टी तिथे जात नाही, फ्लक्समुळेच ते १२२० ला जमतं. आता जड कण तळाला बसले आणि तुम्ही वरचं वरचं घेतलंत तर तुम्ही वेगळंच ग्लेझ लावताय, लेबल काहीही म्हणो.

दुसऱ्या बाऊलमध्ये जे झालं, ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली, त्याला क्रॉलिंग म्हणतात. तुमच्या फोटोत ते बरोबर तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात झालंय. तिथे ग्लेझ साचतं, जाड होतं, सुकताना आकसतं आणि तळं आटल्यावर तळच्या चिखलाला पडतात तशा त्याला भेगा पडतात. भट्टीत वितळताना त्या भेगा मिटत नाहीत, उलट कडा आत ओढल्या जाऊन गोळे होतात. म्हणजे भट्टीत घालायच्या आधीच तुम्हाला भेग दिसू शकते आणि दिसली तर तो पीस भट्टीत घालू नका, धुवा, पूर्ण वाळवा, परत लावा. धुणं म्हणजे हरणं नाही हो, पॉटरीवाले सर्रास धुतात. दुसरं कारण धूळ आणि तेल. बिस्क झालेला पीस हातात घेताना हाताला क्रीम लावलेलं असेल, किंवा सँडपेपरची पांढरी धूळ त्यावर असेल, तर ग्लेझ तिथे धरतच नाही. ओल्या स्पंजने पुसा आणि मग वाळू द्या. वाळू द्या म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, दहा मिनिटं नाही.

आणि इथे एक गोष्ट जी क्लासमध्ये फारशी कोणी सांगत नाही. बिस्क केलेली माती ग्लेझमधलं पाणी शोषते म्हणून ग्लेझ तिला चिकटतं. तुमच्या भिंती पातळ असतात, फोटोत दिसतायत, चांगल्या आहेत. पण पातळ भिंतीत पाणी मावायला जागा कमी. तुम्ही आतून ग्लेझ ओतून लगेच बाहेरून लावलंत तर भिंत आधीच भिजलेली असते, बाहेरचं ग्लेझ धरत नाही, पातळ बसतं, मग तुम्हाला कमी वाटतं, मग तुम्ही अजून एक हात देता... बघा कुठे पोचलो परत. आतून आज, बाहेरून उद्या. एवढं केलंत तरी खूप फरक पडेल.

अजून एक, बादलीच्या ग्लेझवर बाटलीचं ब्रशचं ग्लेझ लावत असाल तर जरा जपून. बाटलीवाल्यात गोंदासारखं काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे ते नीट पसरतं आणि हळू सुकतं, बादलीवाल्यात सहसा नसतं. कच्च्या बादलीवाल्या थरावर ओला ब्रश फिरवला की खालचा थर उचकटतो. आधी ब्रशचं, नीट सुकू द्या, मग वरून डिप, असं जास्त बरं जमतं, तेही टेस्ट टाइलवर (चाचणीसाठी भाजलेल्या छोट्या तुकड्यावर) बघून.

टिकटिक वाजणाऱ्या कपाबद्दल. त्या रेघा म्हणजे क्रेझिंग. गार होताना माती आकसते तसं ग्लेझही आकसतं, आणि ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ताणून तडकतं, तो टिक आवाज त्याचाच. कधी भट्टी उघडताच वाजतं, कधी महिन्यांनी. बऱ्याच जणांना वाटतं की भट्टी लवकर उघडली म्हणून झालं. लवकर उघडल्याने ते लवकर दिसतं एवढंच (तरी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नयेच). मूळ कारण त्या मातीची आणि त्या ग्लेझची जोडी जमत नाही हे आहे, आणि ते हळू गार करून किंवा प्रेमाने लावून सुटत नाही. पातळ लावून थोडं कमी होतं. नाहीतर एकतर माती बदला किंवा ग्लेझ बदला. शोभेच्या वस्तूवर रेघा छानच दिसतात, लोक मुद्दाम करतात आणि त्यात शाई भरतात. पण रोजच्या वापराच्या कपात मला त्या नको, पीस कमजोर होतो आणि माती पूर्ण पिकलेली नसेल तर पाणी त्या रेघांतून आत शिरतं. याच्या उलटं पण असतं, ग्लेझ कमी आकसलं तर काठांवरून आणि कानावरून त्याच्या पातळ धारदार कपच्या सुटतात. तसं कधी दिसलं तर तो पीस ठेवू नका, कितीही सुंदर असला तरी. काचेची कपची पोटात जाण्यापेक्षा मग गेलेला बरा.

यावरून सेफच्या प्रश्नावर येऊ, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर लोक सगळ्यात जास्त भोंगळ उत्तरं देतात. लेबलवर फूड सेफ लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. ते वाक्य तेव्हाच खरं असतं जेव्हा तुम्ही ते ग्लेझ सांगितलेल्या कोनला भाजता, दुसऱ्या कशात मिसळत नाही आणि त्यावर दुसरं चढवत नाही. तुमचा लाल मग आठवा, त्याचं लेबल काहीही म्हणत असलं तरी तो आता त्या लेबलचा राहिला नाही, त्यात काही पिऊ नका, पेन ठेवा. शिसं असलेलं ग्लेझ तर घरातच आणू नका. तांब्यामुळे येणारे हिरवे रंग, विशेषतः मॅट, आंबट पदार्थात सुटू शकतात. घरच्या घरी बघायचं तर लिंबाची चकती ग्लेझवर रात्रभर ठेवा, सकाळी धुवून बघा. तिथे रंग फिका झाला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ आतून वापरायचं नाही, विषय संपला. पण डाग पडला नाही म्हणजे सेफ आहे असं मात्र सिद्ध होत नाही, शिसं आणि कॅडमियम डोळ्याला दिसत नाहीत, ते बघायला लॅबमध्ये ४ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून मोजतात.

माझा सल्ला सरळ आहे. आतून एकच साधं, चकचकीत, पांढरं किंवा ट्रान्सपरंट लायनर ग्लेझ, भरवशाच्या कंपनीचं, ज्याची तुमच्या मातीशी जोडी जमते आणि जे कोन ६ ला पूर्ण वितळतं. ओठ लागतात तो काठ पण त्याचाच. बाकी सगळा खेळ बाहेरून करा, मॅट, ओघळ, तीन थर, काय हवं ते.

आणि माती पिकलीये का तेही बघा, कारण मग गळतोय किंवा मायक्रोवेव्हमध्ये त्याचा कान चटका देण्याइतका तापतोय याचं कारण बहुतेक वेळा मातीत शिरलेलं पाणी असतं. बिनग्लेझचा एक तुकडा तुमच्या नेहमीच्या भट्टीत भाजून घ्या, कोरडा असताना वजन करा, मग काही तास उकळत्या पाण्यात ठेवून रात्रभर पाण्यातच राहू द्या, पुसून परत वजन करा. १०० ग्रॅमचा १०१ झाला तर मस्त. १०४-१०५ झाला तर ती माती तुमच्या भट्टीत पूर्ण पिकत नाहीये, दुसरी शोधा. पॅकेटवर काय लिहिलंय ते राहू द्या, वजनकाटा काय म्हणतो ते ऐका.

आता बाटल्या. अजून घेऊ नका. तुमच्याकडे चौदा आहेत आणि त्यातल्या एकीचीही तुमची ओळख नाहीये, रागावू नका, पण तसंच आहे. एक माती ठरवा. एक लायनर आणि बाहेरून एक रंगीत, बस. बाकीच्यांना काही महिने सुट्टी. आणि मग या दोघांच्या टेस्ट टाइल करा, भरपूर. सपाट टाइल करू नका, सपाट टाइलवर ग्लेझ ओघळतं की नाही ते कळतच नाही, चाकावर एक बिनबुडाचं रिंग काढा आणि त्याचे उभे तुकडे करा, किंवा पट्टी दुमडून उभी राहील अशी करा. निम्म्या भागावर काहीतरी खोदा किंवा उमटवा म्हणजे खड्ड्यात आणि उंचवट्यावर ग्लेझ कसं वागतं ते दिसतं. एका टाइलवर एक कोट, दोन कोट, तीन कोट अशा पायऱ्या करा. दुसरीवर दोन्ही ग्लेझ एकमेकांवर, एकदा हे खाली, एकदा ते खाली, कारण क्रम बदलला की रंग बदलतो. मागे आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने नंबर लिहा, साध्या पेनने लिहिलेलं जळून जातं. आणि तो नंबर वहीत, सोबत माती, किती कोट, वजन किती भरलं, कुठल्या शेल्फवर होतं. टाइलखाली वाया गेलेल्या मातीची एक छोटी ताटली ठेवा, ओघळलं तर त्यात ओघळेल, तुम्हाला परत ऐकून घ्यावं लागणार नाही.

कंटाळवाणं वाटतंय ना? अठराव्या शतकात वेजवूड नावाच्या इंग्रज भांडीवाल्याने त्याच्या त्या प्रसिद्ध निळ्या जॅस्पर भांड्यांसाठी हजारो छोटे तुकडे भाजले होते, प्रत्येकावर नंबर घातलेला आणि वहीत त्याची नोंद, आणि भट्टीची उष्णता मोजता येईना म्हणून १७८२ मध्ये मातीच्या आकसण्यावरून ती मोजायचं साधनसुद्धा स्वतःच काढलं. तो कारखानदार होता, आपण हौशी, आपल्याला वीस-पंचवीस टाइल पुरतात. पण त्या वीस टाइलांतून तुमची स्वतःची अशी तीन-चार कॉम्बिनेशन निघतात जी दुसऱ्या कोणाकडे नसतात, आणि खरं सांगू, मला स्वतःला पॉटरीत हाच भाग सगळ्यात आवडतो, चाकापेक्षाही.

ग्लेझ पावडर स्वतः मिक्स करायच्या फंदात पडाल कधीतरी, सगळेच पडतात, तेव्हाची एक सूचना आत्ताच देते. कोरडी पावडर हाताळताना साधा कापडी मास्क चालत नाही, एन ९५ किंवा त्याहून चांगला नीट बसणारा लागतो. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. बिस्क घासायचंच असेल तर ओलं करून. ग्लेझची वाटी, चमचा, गाळणी परत स्वयंपाकघरात आणायची नाही, कितीही घासली तरी.

घरी भट्टी आत्ता नको. पैशाचं सोडा, तुम्हाला भट्टी हवीये ती कोणी बोलू नये म्हणून, आणि घरच्या भट्टीत ०६ चं ग्लेझ ६ ला तेवढंच ओघळेल. शिवाय तिला वेगळी लाइन लागते, भिंतीपासून अंतर लागतं, आणि भाजताना निघणारा धूर बाहेर जायला सोय लागते. टाइलांची वही भरली, स्टुडिओच्या प्रोग्रामची खरंच अडचण व्हायला लागली, तेव्हा परत लिहा, तेव्हा नीट बोलू.

नाद सोडायचं तर मनातूनच काढा. तुमच्या सगळ्या बिघडलेल्या पीसची कारणं आपण एका पत्रात सांगू शकलो, आणि त्यातलं एकही ‘हात नाही’ हे कारण नव्हतं.

राहिले मैत्रिणीचे सहा मग. तिला आजच सांगून टाका की वेळ लागेल, तारीख देऊ नका. आधी टाइलची एक भट्टी होऊ द्या, मग एकच मग त्याच लायनरने आणि त्याच रंगाने पूर्ण करा आणि तो स्वतः दोन-तीन आठवडे रोज वापरा, गरम ओता, थंड ओता, घासा, मायक्रोवेव्हमध्ये घाला, रात्री पाणी भरून कागदावर ठेवा आणि सकाळी कागद ओला आहे का बघा. टिकटिक नाही, रेघ नाही, ओल नाही असं झालं की मग तिचे करायला घ्या. सहा हवेत तर आठ-नऊ करा, एखादा वाळतानाच तडकतो, एखाद्याचा कान सुटतो. ओले असताना ते तुम्हाला हवेत त्यापेक्षा थोडे मोठेच ठेवा, कारण कोन ६ पर्यंत बहुतेक माती एकूण १० ते १३ टक्के आकसते आणि नवीन लोकांचे मग हमखास लहान निघतात. आणि सगळे एकत्रच ग्लेझ करा, एकाच ढवळलेल्या बादलीतून, सगळे आतून एका दिवशी आणि सगळे बाहेरून दुसऱ्या, नाहीतर सहाचे सहा वेगळ्या रंगाचे येतील आणि ती म्हणेल मला सेट हवा होता.